कोरडा पंचा

थंडीच्या दिवसांत पाण्यांत खेळूं नये असें सांगणारीं माणसें आमच्या घरांत पुष्कळ आहेत, आणि तें न ऐकणारीं त्याहूनही पुष्कळ आहेत. २०२४ सालच्या नाताळच्या सुटींत या दोन पक्षांमध्यें जो वाद झाला, त्यांत मी दुसऱ्या पक्षाचा पुढारी होतों. वाद आम्हींच जिंकला. परंतु वाद जिंकल्यानें मनुष्य शहाणा होतोच असें नाहीं. मला शहाणपण दुसऱ्या दिवशीं दुपारीं चारच्या सुमारास आलें, आणि तेंही दुसऱ्याच्या पदरचें. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

आम्ही मूळचे वाईचे. गेलीं पस्तीस वर्षें पुण्यास आहों. आम्हां तिघां भावांचे संसार एकाच छपराखालीं चालतात, आणि त्या सर्वांवर ७६ वर्षांच्या काकूची छाया आहे. लहानमोठीं मिळून आम्ही चौदा माणसें. मुलांनीं सुटीच्या पहिल्याच दिवशीं मागणी केली कीं, घाटाखालच्या वॉटर पार्कला जावयाचें. हा प्रकार ज्यांनीं पाहिला नाहीं असे वाचक आतां थोडेच असतील. अमेरिकेंत ऑरलँडो येथें १९७७ सालीं जॉर्ज मिले नांवाच्या गृहस्थानें जें जलोद्यान उघडलें, तें या जातीचें आद्य उद्यान म्हणून मानतात. आपल्याकडे मुंबईजवळ गोराईला १९९८ सालीं 'वॉटर किंगडम' निघालें, आणि पुढें अनेक शहरांच्या आसपास घसरगुंड्यांचे उंच मनोरे उभे राहिले. उन्हाळ्यांत तेथें गर्दी इतकी कीं, पाण्यापेक्षां माणसेंच अधिक दिसावींत. हिवाळ्यांत गर्दी कमी आणि रांगा लहान. म्हणून मुलांना हिवाळाच सोयीचा वाटला, आणि खरें सांगावयाचें तर मलाही.

काकूनें एवढेंच विचारलें, "अरे, पौषाच्या तोंडावर पोरांना पाण्यांत कशाला घालतां?"

मीं पंचवीस वर्षें महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें आहे. अशा मनुष्यास कोणी साधा प्रश्न विचारला कीं त्याचें व्याख्यान होतें. मीं सांगितलें कीं, डिसेंबरांत पुण्यास पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरला, तरी दुपारीं तो २८-२९ अंशांवर चढतो. घाटाखालीं तर आणखी दोनतीन अंश अधिकच असतात. एवढ्या हवेंत आपण घरीं पंखा लावतों. मग थंडीचें भय कशाचें? मुलांनीं टाळ्या वाजविल्या. थोरल्या वहिनींनीं मान हालविली. पण अंशांपुढें त्यांचें कांहीं चालेना.

काकूनें वाद घातला नाहीं. ती आंत गेली आणि गांठोडें बांधूं लागली. त्यांत आठ पंचे होते, धुवून धुवून मऊ झालेले. प्रत्येक मुलाचे कोरडे कपडे निरनिराळ्या फडक्यांत बांधलेले होते. कानटोप्या होत्या, तिळाचे लाडू होते, आल्याच्या गोड चहानें भरलेला थर्मास होता. आणि सर्वांच्या खालीं घडी करून ठेवलेली काकांची जुनी धाबळी होती. हीच धाबळी नेसून काका सोंवळ्यांत पूजा करीत. त्यांच्या मागें ती काकूच्या पेटींत असे आणि वर्षांतून एकदां उन्हाला पडे.

"काकू, आपण बदरीनारायणाला चाललों नाहीं," मी म्हणालों. सगळे हंसले. काकूही हंसली, आणि तिनें गांठ घट्ट केली.

दारावर बाहेरचे खाद्यपदार्थ आंत नेण्यास मनाई होती, म्हणून लाडू गाडींतच राहिले. थर्मास मात्र काकूच्या औषधांच्या पिशवींत होता. पहारेकऱ्यानें एकदां तिच्याकडे पाहिलें आणि तो सोडून दिला. सुती कपड्यांनीं पाण्यांत उतरण्यास मज्जाव असल्यामुळें सर्वांनीं नायलॉनचे पोशाख चढविले. मग मोठ्या उत्साहानें मी पहिलें पाऊल पाण्यांत टाकलें, आणि माझा श्वास छातींतच अडकला.

रात्रभर उघड्या आकाशाखालीं निवलेलें पाणी कांहीं दुपारच्या हवेबरोबर तापत नाहीं. एक बंब तापावयास किती वेळ लागतो हें ज्या गृहिणीस ठाऊक आहे, तिला तळें तापावयास किती वेळ लागेल याचा अंदाज सहज करतां येईल. प्राध्यापकानें तो केला नव्हता. पण मुलें खदखदां हंसत पाण्यांत उड्या टाकीत होतीं, आणि त्यांच्यादेखत परत फिरणें मला शक्य नव्हतें. दोनचार मिनिटांत अंग सरावलें. लाटांच्या तळ्यांत आम्हीं लाटा अंगावर घेतल्या. रबरी कड्यांत बसून संथ प्रवाहांत फेरे मारले. सौभाग्यवतीनें तर, जन्मांत प्रथमच, घसरगुंडीवरून खालीं येतांना मोठ्यानें किंकाळी फोडली आणि नंतर आजूबाजूस कोणी ओळखीचें नाहीं ना हें पाहून घेतलें. काकू एका बांकावर उन्हाच्या बाजूला गांठोडें मांडीवर घेऊन बसली होती. ऊन सरके तशी तीही सरके.

चारच्या सुमारास ऊन कलतें झालें. मनोऱ्याची सावली पाण्यावर पसरली आणि वारा सुटला. आम्ही निघण्याची भाषा करूं लागलों तोंच मुलें म्हणालीं, "एकदांच! शेवटचें!" मीं परवानगी दिली. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा बाळू सात वर्षांचा, अंगानें काटकुळा. तोही भावंडांबरोबर उंच मनोऱ्याच्या जिन्यावर चढला. वर रांग कांहीं कारणानें खोळंबली, आणि वीसपंचवीस मिनिटें तीं पोरें ओल्या अंगानें वाऱ्यांत उभीं राहिलीं.

बाळू खालीं आला तेव्हां त्याचे ओंठ जांभळे पडले होते आणि दांत वाजत होते. "काय रे, कशी वाटली घसरगुंडी?" मीं विचारलें. त्यानें उत्तर दिलें, पण तें मला कळलें नाहीं. शब्द त्याच्या जिभेवर अडखळत होते. दोन पावलें चालून तो ठेंचकाळला, मग ओल्या फरशीवरच बसला आणि पुटपुटला, "झोप येते." मीं त्याला म्हटलें, "ऊठ, दोन चकरा धांव, म्हणजे ऊब येईल." त्याची आई माझ्याकडे पाहत राहिली. "भाऊजी, हा असा काय करतो?" हा तिचा स्वर मला अजून ऐकूं येतो.

मीं काकूला धांवतांना कित्येक वर्षांत पाहिलें नव्हतें. त्या दिवशीं पाहिलें.

"ओलें आधीं काढा," ती म्हणाली. भोंवतीं माणसें आहेत म्हणून त्याची आई क्षणभर घुटमळली. काकूनें मात्र कोणाकडे न पाहतां तो चिकटलेला पोशाख सोलून काढला. एका पंचानें अंग टिपलें, दुसऱ्यानें डोकें. पोराला कानटोपी घातली, धाबळींत गुंडाळलें आणि पोटाशीं धरून ती उन्हाच्या उरल्या तुकड्यांत बसली. कांहींतरी करावें म्हणून मी त्याचे तळवे चोळूं लागलों. तिनें माझा हात बाजूला केला. "चोळूं नकोस. हातापायांचें मागाहून. आधीं छाती-पोट ऊब धरूं दे." थर्मास उघडण्याचीही तिनें घाई केली नाहीं. बाळूनें स्वतःचें नांव नीट सांगितलें आणि पेला स्वतःच्या हातांनीं धरला, तेव्हांच तिनें त्याला घोट घोट चहा दिला.

तोंपर्यंत कोणीतरी तेथील प्रथमोपचाराच्या खोलींतून परिचारिकेस घेऊन आलें. तिनें तापमान पाहिलें. तें ३५ अंशांच्या जरासेंच वर होतें. निरोगी शरीराच्या आंतील उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते, आणि ३५ च्या खालीं गेली कीं डॉक्टर त्यास धोक्याची अवस्था समजतात. "आजींनीं केलें तेंच बरोबर," ती म्हणाली. "कांपणें चालू आहे तोंवर शरीर झगडत असतें. ऊब न मिळतांच कांपणें थांबलें, तर मात्र क्षणभर न थांबतां रुग्णालय गांठावें." अर्ध्या तासानें बाळूच्या गालांवर रंग आला. गाडींत बसतांच त्यानें लाडू मागितला. मीं तो त्याच्या हातांत ठेवला, पण त्याच्या आईकडे पाहण्याचा धीर मला झाला नाहीं.

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. माझे आंकडे खोटे नव्हते. परंतु ते हवेचे होते, आणि मूल हवेंत नव्हतें. उघड्या अंगानें स्वस्थ बसलेल्या मनुष्यास २८-३० अंशांची हवा सुखाची वाटते. पण तितकेंच सुख पाण्यांत हवें असेल, तर पाणी ३३-३४ अंशांचें असावें लागतें, कारण पाणी स्थिर हवेच्या सुमारें २४ पट वेगानें उष्णता वाहून नेतें. आणि ही तरी अर्धीच गोष्ट झाली. खरी चोरी पाण्यांतून बाहेर आल्यावर होते. अंगावरील एक ग्रॅम पाणी वाळतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातें. केसांत, कपड्यांत आणि कातडीवर मिळून १०० ग्रॅम पाणी राहिलें असें धरा. तें एक वाटीभरही होत नाहीं. तेवढें सारें शरीराच्याच उष्णतेवर वाळलें, तर ६० किलो वजनाचें शरीर अंशभर निवावें, आणि २० किलोचें तीन अंशांहून अधिक! शरीर आंतून सारखी उष्णता निर्माण करीत असतें, म्हणून प्रत्यक्षांत एवढी मजल जात नाहीं. पण लहान मुलाची शिल्लकच लहान. त्यांत आपल्याकडील हिवाळी हवा कोरडी, म्हणजे वाळणें झपाट्याचें. आणि वरून वारा. उन्हाळ्यांत मडक्यांतलें पाणी याच रीतीनें गार होतें. मनोऱ्यावर वीस मिनिटें उभें करून बाळूचें आम्हीं मडकें केलें होतें. मडक्याचें उदाहरण मीं पंचवीस वर्षें फळ्यावर काढलें आहे!

धाबळीचें मर्मही तेव्हां ध्यानांत आलें. सूत भिजलें कीं त्यांतली हवा जाते आणि तें अंगाला चिकटतें. लोंकर आपल्या वजनाच्या तृतीयांशाइतकी ओल आंत घेऊनही हाताला ओली लागत नाहीं, आणि तिच्या कुरळ्या तंतूंमध्यें हवा अडकून राहते. म्हणून टिपावयास पंचा आणि पांघरावयास लोंकर, हा काकूचा क्रम शास्त्राला धरूनच होता.

पण तिला हें कोणीं शिकविलें? दुसऱ्या दिवशीं ती धाबळी उन्हांत घालीत असतां मीं विचारलें.

काकू लग्न होऊन १९६८ सालीं वाईस आली. आमची आजी माघस्नान करीत असे. पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत, रोज सूर्योदयापूर्वीं कृष्णेंत स्नान, असा तिचा नेम. नव्या सुनेचें काम असें कीं, कोरडें लुगडें आणि धाबळी हातावर घेऊन घाटाच्या पायरीवर उभें राहावयाचें. लग्नानंतर दुसऱ्या कीं तिसऱ्या वर्षीं एके दिवशीं आजी पाण्यांतून वर आली आणि ओलेत्यानेंच कोणा ओळखीच्या बाईशीं बोलत उभी राहिली. वारा होता. थोड्या वेळानें ती पायरीवर बसली आणि असंबद्ध बोलूं लागली. काकूनें घाबरून तिचे पाय चोळावयास घेतले. तेव्हां मेंढ्या घेऊन नदीवर उतरलेली एक धनगरीण पुढें आली. तिनें काकूचा हात दूर केला, आजीचें ओलें लुगडें सोडविलें आणि आपलें घोंगडें तिच्या छातीपोटाभोंवतीं आंवळलें. "आधीं मधलें तापूं द्या, टोकांचें मागनं," असें ती म्हणाली. घाटावरच्या बायका सोंवळ्याची कुजबुज करूं लागल्या. शुद्धीवर आल्यावर आजीनें त्यांना एका वाक्यांत गप्प केलें: "लोंकरीला ओंवळें नसतें." तें घोंगडें पुढें आठ दिवस आमच्या ओसरीवर होतें, परत नेण्यास ती बाई आली तेव्हां आजीनें तिला हातानें वाढून जेवूं घातलें.

"आणि काकू, तुझें स्नान?" मीं सहज विचारलें.

"माझें कसलें रे? सासूबाई वर आल्या कीं त्यांना घेऊन घरीं यावयाचें. माझी आंघोळ चुलीवरच्या पाण्यानें. मी कृष्णेंत उतरलें असतें, तर कांठावर माझें लुगडें धरायला कोण होतें?"

हें ती तक्रारीच्या सुरांत बोलली नाहीं. "तूर महाग झाली" असें म्हणावें तशी बोलली, आणि धाबळीची दुसरी बाजू उन्हाकडे फिरविली. मी मात्र तेथेंच उभा राहिलों. आमच्या लहानपणीं घाटावर, पुढें कोंकणांत समुद्रावर, गाणगापूरच्या संगमावर, जेथें जेथें आम्ही पाण्यांत उतरलों, तेथें तेथें कांठावर काकू होती. आमचे चष्मे, घड्याळें, कोरडे कपडे तिच्या मांडीवर असत. तिला पाण्याची आवड नाहीं, अशी आमची समजूत होती. ती समजूत आम्हांला सोयीची होती, एवढेंच.

त्या दिवसापासून आमच्या घरांत कांहीं नियम झाले. हिवाळ्यांत पाण्याची सहल करावयाची तर अकरापूर्वीं पाण्यांत जावयाचें नाहीं आणि साडेतीननंतर राहावयाचें नाहीं. अर्ध्या तासानें सर्वांनीं बाहेर येऊन अंग टिपावें, उन्हांत बसावें आणि आधीं लहानांचे व वृद्धांचे ओंठ पाहावे; वृद्धांना थंडी वाजते हें पुष्कळदां त्यांचें त्यांनाच उशिरां कळतें. बडबडें मूल एकाएकीं गप्प झालें, तर तो शहाणपणा समजूं नये. ओल्या अंगानें मनोऱ्यावरच्या रांगेंत उभें राहावयाचें नाहीं, आणि 'शेवटचें एकदां' हें कधींही ऐकावयाचें नाहीं. मुलांसाठीं आम्हीं जाड रबरी कापडाचीं बंड्या घेतल्या आहेत. त्यांच्या आंत पाण्याचा पातळ थर अडकतो आणि अंगाच्या उष्णतेनें कोमट राहतो. गरम व गोड पेय बरोबर असावें. तें आंत नेऊं देत नसतील तर तेथेंच विकत घ्यावें. मद्यानें ऊब येते असें सांगणारे कांहीं असतात. त्यानें कातडीकडे रक्त धांवतें, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षांत आंतली उष्णता बाहेर पडते. प्रत्येकाचे दोन पंचे, आणि त्यांतील एक बंद पिशवींत कोरडा. शेवटचा नियम असा कीं, कांठावर एक कोरडें माणूस नेहमीं असावें. मात्र तें पाळीपाळीनें असावें.

हा शेवटचा नियम मीं सुचविला, आणि पहिली पाळी स्वतःकडे घेतली.

२०२५ सालच्या फेब्रुवारींत, माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारीं, आम्ही पुन्हां तेथेंच गेलों. काकू प्रथम तयार होईना. "या वयांत तो आखूड पोशाख घालून मी पाण्यांत उतरूं? लोक काय म्हणतील?" बाळूच्या आईनें तिच्यासाठीं पूर्ण बाह्यांचा, पायघोळ नायलॉनचा पोशाख आणून ठेवला होता. ती म्हणाली, "काकू, तुम्ही नाहीं आलांत तर बाळूलाही मी पाण्यांत सोडणार नाहीं." हा डाव मात्र लागू पडला. दुपारीं बारा वाजतां, चांगल्या उन्हांत, एका बाजूनें भावजय आणि दुसऱ्या बाजूनें बाळू असे हात धरून काकू संथ प्रवाहाच्या पायऱ्या उतरली. गुडघाभर पाण्यांत थांबली. कमरेइतक्या पाण्यांत थांबली. मग तिनें ओंजळ भरली, डोळे मिटून कांहीं पुटपुटली, आणि ती ओंजळ हळूच पुन्हां पाण्यांत सोडली. त्यानंतर तिनें बाळूच्या तोंडावर पाणी उडविलें.

पंधरा मिनिटें मी तिच्याकडे पाहत होतों. बाळू तिला कड्यांत बसवूं पाहत होता आणि ती हंसून नाहीं म्हणत होती. वेळ झाली तेव्हां मीं हांक मारली. ती पायऱ्या चढून आली, आणि मीं मोठ्या ऐटींत पंचा पुढें केला.

काकूनें तो हातांत घेतला आणि पिळला. पाणी गळलें. तिच्याकडे पाहण्याच्या नादांत मीं तो पाण्याच्या कडेला ओल्या फरशीवर ठेवला होता.

"अरे, कांठावर बसायलाही शिकावें लागतें," ती म्हणाली. "माझ्या पिशवींत बघ. तळाशीं एक जास्तीचा ठेवला आहे."